बॉल दरवेळी झाडातच जातो आणि कार्डावर आठ लागतात? आधी हे तपासा

सकाळी साडेसहाला गोल्फची फेरी सुरू करून नऊच्या सुमारास चहाला बसलो की आमच्या टेबलावर एकच तक्रार फिरत असते. "सगळं छान चाललं होतं, त्या एका होलवर बॉल झाडात गेला आणि आठ फटके झाले." पुढच्या शनिवारी तेच, फक्त होल, म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून झेंड्याच्या खड्ड्यापर्यंतचा टप्पा, वेगळं. मध्यंतरी दांडिया बाजारातल्या एका मुलानं, नुकताच खेळायला लागलाय, मला विचारलं, "काका, यावर काही इलाज आहे का हो?" चहाच्या गडबडीत नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितो. सगळं उजव्या हातानं खेळणाऱ्यांसाठी आहे, डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं वाचावं.

बडोदा हे वडाच्या नावानं वसलेलं शहर, तेव्हा इथं गोल्फ खेळायचा म्हणजे झाडांशी गाठ पडणारच. लक्ष्मीविलास पॅलेस 1890 चा. त्याच्या आवारात 1930 च्या दशकात राजघराण्यातल्या प्रतापसिंहरावांनी युरोपियन पाहुण्यांसाठी कोर्स करून घेतला. त्यांचे नातू, बडोद्याकडून रणजी खेळलेले समरजितसिंह, यांनी 1990 च्या दशकात तो नव्यानं तयार करून लोकांना खुला केला. असा बागेसारखा, दोन्ही बाजूंना मोठी झाडं असलेला कोर्स म्हणजे पार्कलँड. समुद्रकाठच्या उघड्या कोर्सवर वारा बॉल पळवतो, पण चुकलेला बॉल निदान दिसतो आणि खेळताही येतो. आपल्याकडे चुकलेला बॉल सावलीत, पाल्यात, मुळांत जाऊन बसतो. म्हणून उघड्या रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, उत्तम मारणारा माणूस इथं येऊन हैराण होतो.

आठ कुठून आले ते आधी मोजा

माझंच एक होल सांगतो. पार चार, म्हणजे चार फटक्यांत संपवायचं. टी शॉट, म्हणजे सुरुवातीचा फटका, उजवीकडे कडुनिंबात गेला: एक. दोन खोडांमधून ग्रीनवरचा, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या कापलेल्या गवतावरचा, झेंडा दिसत होता, म्हणून पाच नंबरचा वुड हा लांब मारायचा क्लब, म्हणजे काठी, काढली. बॉल खोडाला लागून टण्णकन मागे आला: दोन. पुन्हा तीच फट, या वेळी फांदीत अडकून खाली पडला: तीन. मग निमूटपणे आडवा बाहेर काढला: चार. ग्रीनच्या अलीकडे पोचलो: पाच. चिप, म्हणजे ग्रीनवर टाकायचा छोटा फटका: सहा. दोन पट, म्हणजे ग्रीनवर बॉल घरंगळवायचे फटके: आठ.

आता हेच दुसरा फटका आडवा बाहेर काढून खेळलं असतं तर? टी शॉट एक, बाहेर दोन, ग्रीनच्या अलीकडे तीन, चिप चार, दोन पट मिळून सहा. चिप जरा जवळ बसली तर पाच. म्हणजे झाडानं माझा एकच फटका खाल्ला होता, आणि पुढचे दोन मी माझ्या हातानं दिले. तुमचं कार्ड असंच उलगडून पाहा. शेवटच्या तीन फेऱ्यांमधल्या झाडात गेलेल्या प्रत्येक बॉलचा हिशोब लिहा: झाडात पोचायला किती, बाहेर यायला किती. बहुतेकांचा खरा आजार दुसऱ्या आकड्यात सापडतो, आणि तो बरा व्हायला स्विंग बदलावा लागत नाही. म्हणून त्याबद्दल खाली जास्त लिहिलंय.

टीवरचं निदान

तरी झाडात जाणं कमी झालं तर बरंच. इथं पहिली गोष्ट ही की "झाडात गेला" एवढं पुरत नाही, कसा गेला ते बघायला हवं. बॉल सुटताना ज्या दिशेनं निघतो ती दिशा मुख्यतः क्लबच्या फेसवर, म्हणजे बॉलला लागणाऱ्या सपाट बाजूवर, ठरते. नंतर हवेत तो वळतो ते फेसची दिशा आणि क्लब फिरण्याचा मार्ग यांत फरक असल्यामुळे.

बॉल सरळ किंवा थोडा डावीकडे निघून मग उजवीकडे वळत गेला, तर तो स्लाइस. फेस मार्गाच्या मानानं उघडा राहतोय. ग्रिप बघा. क्लब धरून खाली पाहिल्यावर डाव्या मुठीवरचे दोन, खरं तर अडीच बोटांचे सांधे दिसायला हवेत. एकच दिसत असेल तर हात क्लबवर थोडा उजवीकडे फिरवून धरा. पहिले दोन दिवस हे इतकं विचित्र वाटतं की माणूस परत जुन्या ग्रिपवर जातो. जाऊ नका, आठवडाभर रेटा.

बॉल निघतानाच झाडाकडे निघाला आणि जराही न वळता तिथंच गेला, तर स्विंगला दोष देण्याआधी उभं राहणं तपासा. मला स्वतःला हे कळायला फार वर्षं लागली. टीची, म्हणजे सुरुवातीच्या जागेची, कापलेली चौकट आणि तिथल्या दोन मार्करच्या खुणांची रेघ फेअरवेच्या, म्हणजे मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, मध्याकडे तोंड करून असेलच असं नाही. आपण नकळत त्या चौकटीला समांतर उभे राहतो आणि व्यवस्थित, सरळ, सुंदर फटका थेट चिंचेत मारतो. यावर उपाय साधा आहे. बॉलच्या मागे उभे राहा, फेअरवेवरचं एक ठिकाण धरा, आणि त्या रेघेवर बॉलपुढे हातभर अंतरावर एखादं वाळकं पान किंवा बॉल ठेवायची तुटकी टी हेरा. मग लांबच्या फेअरवेकडे न बघता फेस त्या पानाकडे लावा. सरावात पायांच्या चवड्यांना टेकवून एक क्लब जमिनीवर ठेवा आणि मागे जाऊन पाहा, तो कुठे बोट दाखवतोय. पहिल्यांदा बघणाऱ्याला धक्का बसतो.

बॉल कधी उजवीकडे, कधी डावीकडे जात असेल, काहीच नेम नसेल, तर बहुधा ताकद जास्त लागतेय. दोन्ही बाजूंना झाडांची भिंत दिसली की खांदे आवळतात, ग्रिप घट्ट होते आणि स्विंग घाईचा होतो. तिथं ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारायचा क्लब, बॅगेतच राहू द्या. जास्त लॉफ्टच्या, म्हणजे फेस जास्त मागे कललेल्या, क्लबनं बॉलला मागची फिरकी जास्त मिळते, त्यामुळे तेवढ्याच चुकीत तो बाजूला कमी वळतो. पाच नंबरचं आयर्न किंवा हायब्रिड घेतलं तर अंतर कमी मिळेल, पण बॉल गवतावर असेल. दिल्लीच्या लोदी कोर्सवर दोन्ही बाजूंना इतकी दाट झाडी आहे की कसलेले व्यावसायिकही तिथं अनेकदा ड्रायव्हरला हात लावत नाहीत. त्यांना यात कमीपणा वाटत नाही, मग आपल्याला का वाटावा?

आणखी एक. ज्या बाजूला धोका आहे त्याच बाजूला टी लावा. उजवीकडची झाडं सतावत असतील तर उजव्या मार्करजवळ टी लावून फेअरवेच्या डाव्या मध्याकडे मारा. सगळं फेअरवे समोर उघडं होतं. मार्करच्या मागे दोन क्लबांइतकी खोल जागा आपली असते हे बरेच जण विसरतात. बॉल त्या चौकटीत हवा, पाय बाहेर असले तरी चालतात.

झाडात गेल्यावर: फटीचं गणित

आता मुख्य दुखणं. 200 यार्डांवर 40 यार्ड रुंद फेअरवे धरा. मध्यावर नेम धरला तर दोन्ही बाजूंना 20-20 यार्डांची सूट. कोनात मोजलं तर साडेपाच अंशांपेक्षा थोडी जास्त. तुम्ही झाडात उभे आहात याचा अर्थ सपाट, कापलेल्या टीवरून, बॉल टीवर ठेवून, हवा तितका वेळ घेऊन मारलेला फटका साडेपाच अंशांहून जास्त चुकला.

समोर दहा यार्डांवर दोन खोडांमध्ये एक यार्डाची फट आहे. मध्यापासून दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा यार्ड, म्हणजे तीन अंशांहूनही कमी सूट. बॉलची स्वतःची जाडी 43 मिलिमीटरच्या आसपास, तीही यातून वजा करा. पाय उतारावर, बॉल पाल्यात, डोक्यावर फांदी. आता टीवर जमलं नाही त्याच्या दुपटीनं अचूक मारायचंय, तेही खालून-वरून दोन्हीकडून अडलेल्या खिडकीतून. हे गणित मी एकदा चहाच्या बिलामागे मांडून बघितलं आणि त्यानंतर अशी फट दिसली की मला तो कागदच आठवतो.

"झाड म्हणजे बहुतेक हवाच असते" असं कोणीतरी हटकून म्हणतो. कडुनिंबाला हात लावून बघा. पानगळीनंतर एखाद वेळी ठीक, पण एरवी त्या बारीक डहाळ्या बॉलचा सगळा वेग खाऊन टाकतात. वडाच्या पारंब्यांची तर गोष्टच वेगळी.

टीव्हीवर मोठ्या स्पर्धांत पाहिलेले दोन फटके प्रत्येकाच्या मनात असतात. 1999 साली मेडिनात पीजीए चॅम्पियनशिपच्या सोळाव्या होलवर, झाडाच्या बुंध्याशी अडकलेल्या बॉलवर सर्हिओ गार्सियानं मारलेला, आणि 2010 च्या मास्टर्समध्ये तेराव्या होलवर पाइनच्या दोन झाडांमधून फिल मिकलसननं सहा नंबरच्या आयर्ननं मारलेला. दोन्ही अप्रतिम. पण गार्सियाच्या त्या स्पर्धेत टायगर वुड्स एका फटक्यानं जिंकला. आणि मिकलसनला फटीच्या पलीकडे जी जागा दिसत होती ती तो रोज शेकडो बॉल मारून ओळखत होता. आपण आठवड्यातून एकदा खेळतो.

तर झाडात पोचल्यावर क्रम असा ठेवा. झेंड्याकडे बघू नका, ही पहिली अट. बॉल कसा पडलाय ते बघा: पाला आहे, माती उघडी आहे, खाली मूळ आहे का. मग गोल फिरून सर्वांत रुंद वाट कुठे आहे ते शोधा. ती पुढे असेल, आडवी असेल, कधी मागेही असेल. आमचा एक वयस्कर कॅडी, म्हणजे बॅग वाहणारा सोबती, आहे, तो अशा वेळी बॅगेतून आपणहोऊन आठ नंबरचं आयर्न काढून हातात देतो आणि एवढंच म्हणतो, "साहेब, बाजुमां काढी नाखो." त्याचं ऐकलं नाही त्या प्रत्येक वेळी माझं कार्ड बिघडलंय.

वाट ठरली की मगच उंची ठरवा. फांद्या खाली झुकलेल्या असतील तर कमी लॉफ्टचा क्लब, पाच किंवा सहा नंबर. बॉल नेहमीपेक्षा एक-दोन बॉलांच्या रुंदीएवढा मागे, उजव्या पायाकडे. हात बॉलच्या किंचित पुढे, वजन थोडं डाव्या पायावर. क्लब कमरेपर्यंतच मागे न्या आणि मारल्यावरही कमरेपाशीच थांबवा. जोरात खाली ठोकायचं नाही, ठोकलं की बॉल उलट वर उसळतो. छोटा स्विंग, ताठ मनगटं, बॉल खाली निघतो आणि पुष्कळ घरंगळतो. इतका घरंगळतो की आडवा काढताना समोरच्या बाजूच्या झाडात जाऊ शकतो, म्हणून फेअरवेची रुंदी बघून ताकद कमी ठेवा. मी स्वतः या चुकीनं एकदा फेअरवे पार करून दुसऱ्या बाजूच्या आंब्याखाली गेलोय.

बॉल मुळाशी टेकलेला असेल तर मारूच नका. मनगट दुखावलं तर महिना-दीड महिना घरी बसावं लागतं, आणि ते एका दंडाच्या फटक्यापेक्षा फार महाग आहे. बॉल खेळण्याजोगा नाही असं जाहीर करायचा अधिकार तुमचाच आहे, कोणाला विचारावं लागत नाही. एक फटका दंड, आणि तीन वाटा: मागच्या जागी जाऊन पुन्हा मारा, होल आणि बॉल एका रेघेत ठेवून हवं तितकं मागे जाऊन ड्रॉप घ्या, म्हणजे बॉल हातातून खाली सोडा, किंवा बॉलपासून दोन क्लबांच्या अंतरात, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून ड्रॉप घ्या. दोन क्लब म्हणजे बॅगेतला पटर सोडून सर्वांत लांब क्लब, म्हणजे बहुधा ड्रायव्हर. जवळजवळ सव्वादोन मीटर मिळतात, आणि बरेचदा तेवढ्यात खोडाच्या आडून सुटका होते. बॉल वर फांदीत दिसतोय आणि तो तुमचाच आहे हे ओळखता येतंय, तर हे दोन क्लब त्याच्या बरोबर खालच्या जमिनीवरून मोजायचे.

नियमांत नेहमी होणारे घोळ

पाला, सुटी काडी, पडलेली फांदी हे बाजूला करायला हरकत नाही. पण ते करताना बॉल हलला तर एक फटका दंड आणि बॉल परत जागेवर, म्हणून बॉलला टेकलेली काडी ओढण्याआधी दोनदा विचार करा. जिवंत फांदी मोडणं, पारंबी बांधून ठेवणं, सरावाचा स्विंग करताना वाटेतली झाडावरची पानं झटकून जागा मोकळी करणं, हे सगळं चूक आणि त्याला दोन फटके. पाल्यात क्लब टेकवून उभे राहू नका, हवेतच धरा. पान सरकलं की बॉल सरकतो. मात्र बॉल शोधता शोधता पायानं चुकून हलला, तर दंड नाही, परत ठेवा आणि खेळा. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब झडतो तेव्हा हे रोजचंच होतं.

शोधायला तीन मिनिटं. पूर्वी पाच होती, 2019 पासून तीन. म्हणून टीवरून बॉल झाडाकडे गेला आणि मिळेल याची खात्री नसली की पुढे चालायला लागण्याआधी दुसरा मारा, आणि मारण्यापूर्वी "प्रोव्हिजनल", म्हणजे तात्पुरता बॉल, हा शब्द मोठ्यानं उच्चारा. नुसतं "अजून एक मारतो" म्हटलंत तर तोच बॉल खेळात येतो, पहिला सापडला तरी उपयोग नाही. यावरून मित्रांमध्ये वाद झालेले मी पाहिलेत.

आणि आपल्या शहरात विश्वामित्रीच्या मगरी, पावसाळ्यात साप, उन्हाळ्यात मधमाश्यांची पोळी हे सगळं असताना एक नियम प्रत्येकाला ठाऊक असावा. जवळ धोकादायक प्राणी असेल आणि तिथून खेळलं तर इजा होऊ शकेल, तर विनादंड सुटका मिळते: धोका नसलेली सर्वांत जवळची जागा आणि तिथून एक क्लब, होलच्या जवळ न जाता. फक्त बॉल मुळातच घोर झुडपात असेल, जिथून कोणीच खेळलं नसतं, तर साप दाखवून ही सूट घेता येत नाही. थांबलेला बॉल वानरानं उचलून नेला हे नक्की माहीत असेल तर त्याच जागी दुसरा ठेवा, दंड नाही.

सराव

दोन खुर्च्यांना कमरेच्या उंचीवर दोरी बांधा. गच्चीवर प्लॅस्टिकचे बॉल घेऊन, किंवा रेंजवर खरे घेऊन, पाच, सहा आणि आठ नंबरनं दोरीखालून वीस-वीस बॉल काढा. तिन्ही क्लबांत बॉल किती वर उठतो ते डोळ्यात बसू द्या. पंधरा मिनिटांचं काम आहे. ज्या मुलानं विचारलं होतं त्याला मी हे गेल्या रविवारी आमच्या गच्चीवर करून दाखवलं. पहिले सहा-सात बॉल दोरीला लागले, कारण तो खाली ठोकत होता. स्विंग अर्धा केला, मनगटं सैल पडू दिली नाहीत, आणि आठवा दोरीच्या वीतभर खालून गेला. शनिवारी खेळताना त्याचा टी शॉट पुन्हा उजवीकडे कडुनिंबात गेला. यानं फट बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि बॅगेतून आठ नंबर काढला.